येण्याचं कारण

लाजवरच्या मॅनेजरनं इचारलं, येण्याचं कारण?
दवाखाना का कोर्ट? का लग्न?
चौथं काही त्याच्या वहीत बसत नव्हतं.
पंचशीलानं माह्याकडे पाह्यलं, मी मैनाकडे.
मैना म्हणे, लिहा ना भाऊ, खायाले आलो.
त्यानं चष्मा काढला, बनियनले पुसला,
'इतर' लिहिलं
आन् चावी देल्ली.

शाळेले कालपासून सुट्ट्या.
एकशे बारा लेकराईची खिचडी
आमी तिघी रांधतो,
धुरात कोण कुठं हाय ते बांगड्याच्या आवाजावरून कळते.
चवीच्या रजिस्टरात मास्तर रोज लिहितात, 'चांगली'.
मीठ जास्त पडलं, 'चांगली'.
डाळच आली नाई गोदामातून, तवाबी 'चांगली'.
तीन महिन्याचं मानधन एकदम आलं तशी मैना म्हणे,
एक रात कोणाच्या तरी हातचं खाऊ.
घरी सांगितलं, टरेनिंग हाय.

दिवसभर परतवाड्याचे रस्ते तव्यावानी.
कुत्रे नालीत, शटर अर्धे खाली.
आमी ओले टावेल पांघरून पंख्याखाली पडलो,
सात वाजाची वाट पाहत.
मंग कोणं तरी गंजावरचं झाकण काढलं जसं.
बस स्टँडापासून पुलापर्यंत गाड्याले गाडा,
बल्बाभोवती किडे,
आरा मशिनीचा सागवानी भुसा हवेत,
आन् मेळघाटातून उतरलेल्या कोरकू बाया
पानावर टेंभरं मांडून बसलेल्या.
एकीनं माह्या हातावर एक ठेवलं.
चाख आंधी, म्हणे. भाव मंग सांगतो.

पह्यले गिलावडा.
पंचशीलाच्या डोळ्यांतून पाणी, हात काही थांबे ना.
मंग सांबारवडी. तिच्या पोटात इतका सांबार
का मैना म्हणे, येवढ्यात आपलं पंधरा दिवसाचं वरण निंगलं असतं.
मंग आलुबोंडा, वरून तर्री.
तर्रीवाल्याच्या गंजाकडे माहं ध्यान.
आच मोठी होती, बुडाले लागत होतं.
दोनदा तोंड मिटून घेतलं.
तिसऱ्यांदा म्हटलंच, भाऊ, बारीक कर, करपून राह्यलं.
मैनानं दंडाले चिमटा घेतला.
सुट्टी हाय व तुही!

पुलाच्या अंगाले जमिलाबी.
पालथ्या मडक्यावर लंबी रोटी.
कणीक इतकी सैल का पाण्यातून काढल्यावानी,
हातावरून कोपराकडे ओघळे,
आता पडली, आता पडली म्हणता
ती मडक्यावर फेकून दे
आन् घडी करून रुमालावानी बाजूले ठेवे.
मी किती वेळ उभी होती कोण जाणे.
शेवटी म्हटलं, एक मले करू दे.

पह्यली मातीत गेली.
दुसरी कोपराले चिकटून बसली, निंगे ना.
लोकं हासले. पंचशीला त खालीच बसली हासून हासून.
तिसरी मडक्यावर गेली,
दोन भोकं, एका अंगानं कच्ची,
नकाशावानी वाकडी.
जमिलाबीनं ती घडी न करताच वेगळी ठेवली.
मी म्हटलं, पैसे घे पिठाचे.
ती म्हणे, राहू दे. ही इकाची नाई,
रातच्याले मी खाईन.

आता लाजच्या गच्चीवर तिघी आडव्या.
पोट तट्ट. फरशी अजून गरम.
खाली कोण्या कढईत झारा वाजून राह्यला,
मैना घोरून राह्यली
आन् पंचशीला अंधारात इचारते,
खाल्ली असन का व तिनं खरंच?

कोपरावर कणकेची पपडी वाळली हाय.
मी काढली नाई.
पाच वाजताची गाडी हाय उद्या, त्याच्या आंधी
पुलापर्यंत जाऊन येईन,
इचारीन, कशी होती म्हणून.
'चांगली' म्हणली
त आयकाचं नाई.